घर आणि भूमी यांचा अन्वय : रत्नागिरी परिसरातील घरबांधणीच्या निमित्ताने

‘परिसराशी सुसंवाद साधणारे घर’ हा शब्दप्रयोग वास्तुकलेविषयीच्या मराठी लेखनात आता चांगलाच रुळला आहे. समुद्रकाठच्या भूखंडांच्या जाहिरातीपासून विद्यापीठीय प्रबंधापर्यंत तो सारख्याच सहजतेने योजिला जातो. एखादी संज्ञा इतक्या भिन्न हेतूंच्या लोकांना एकाच वेळी सोयीची वाटू लागली, म्हणजे तिच्या अर्थाची झाडाझडती घेण्याची वेळ आली असे समजावयास हरकत नाही. संवाद दोघांत होतो. येथे बोलतो कोण, ऐकतो कोण आणि भाषा कोणती, याचा उलगडा हा शब्दप्रयोग करणारे सहसा करीत नाहीत. व्यवहारात मात्र त्याचा एक अर्थ ठरून गेला आहे, आणि तो म्हणजे सादृश्य. माती तांबडी म्हणून भिंत तांबड्या चिऱ्याची, डोंगर उतरता म्हणून छप्पर उतरते, वाडीत नारळी म्हणून अंगणात नारळीची चार रोपे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे घर भूमीची उपमा होऊ पाहते. उपमेत उपमान आणि उपमेय ही दोन्ही शेवटपर्यंत वेगळीच राहतात, ही गोष्ट येथे विसरली जाते.

घर आणि भूमी यांच्या संबंधाला खरोखर लागू पडणारी कल्पना अलंकारशास्त्रात नसून वाक्यविचारात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वाक्यार्थ कसा होतो याविषयी मीमांसकांत दोन पक्ष प्रसिद्ध आहेत. पदे प्रथम आपापला अर्थ स्वतंत्रपणे सांगतात आणि मागाहून त्या अर्थांचा परस्परांशी अन्वय होतो, हा कुमारिलभट्टाच्या परंपरेचा पक्ष, म्हणजे अभिहितान्वयवाद. पद हे मुळातच अन्वित अर्थ सांगते, वाक्याबाहेरच्या सुट्या पदाला अर्थ असा नसतो, हा प्रभाकराचा पक्ष, म्हणजे अन्विताभिधानवाद. भाषेच्या बाबतीत या दोहोंत ग्राह्य कोणता याचा निर्णय येथे करावयाचा नाही. घराच्या बाबतीत मात्र प्रभाकराचा पक्ष बळकट दिसतो. आजचे ‘कोकणी पद्धतीचे’ घर हे बहुधा पहिल्या पक्षाला अनुसरून बांधले जाते. चिरा, कौल, झोपाळा, तुळशीवृंदावन ही पदे कोशातून एकेक उचलावयाची आणि मग जुळवावयाची, अशी त्याची रीत असते. रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या घरात यांपैकी एकाही पदाला सुटा अर्थ नव्हता.

रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस वरून येतो हे घाटावरचे ज्ञान झाले. किनाऱ्यावर तो नैर्ऋत्येकडून आडवा येतो. या एका वस्तुस्थितीतून घराचे पहिले विधान निघते. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. हा दगड सच्छिद्र. खाणीत असताना मऊ, कापता येण्याजोगा, आणि वाऱ्याउन्हात राहिल्यावर कठीण होणारा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील या दगडाला वीटवाचक लॅटिन शब्दावरून जे नाव दिले, ते त्याच्या याच गुणामुळे. असा दगड आडव्या झडीत उघडा ठेवला तर भिंत चार महिने ओल धरणार. म्हणून छपराची वळचण भिंतीच्या खूप पुढे आणि खूप खाली उतरते. वळचण इतकी पुढे आली की तिच्याखाली जागा उरते. ती जागा म्हणजे पडवी. म्हणजे पडवी ही कोणी ‘योजलेली’ खोली नव्हे. ती भिंत आणि पाऊस यांच्यामधील अंतर आहे, आणि माणसाने त्या अंतरात जाते मांडले, लाकूडफाटा रचला, अवजारे टांगली. पागोळ्या जेथे पडतात तेथे जमीन खचते, म्हणून जोते उंच. जोते उंच म्हणून पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणून ओटीला बसण्याची कड. वळचण खाली आल्यामुळे माजघरात अंधार. अंधार आहे म्हणून तेथे उन्हाळ्यात गारवा, बाळंतिणीला आडोसा आणि धान्याला स्थिर हवा. मीमांसक ज्याला आकांक्षा म्हणतात, एका पदाने दुसऱ्याची वाट पाहणे, तिचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. यातून वळचण तेवढी काढून टाकली, तर उरलेली सर्व पदे जागच्या जागी राहतात, वाक्य मात्र मोडते.

आजच्या पुष्कळ घरांत नेमके हेच झाले आहे. भिंतीचा चिरा गिलाव्यावाचून उघडा ठेवावयाचा, कारण तो सुंदर दिसतो. आणि वळचण आखडती घ्यावयाची, कारण ती दर्शनी भाग झाकते. दोन्ही निर्णय डोळ्यांच्या सोयीने घेतलेले. मग पहिल्या पावसाळ्यातच आतल्या बाजूस बुरशी चढते आणि भिंतीला रासायनिक लेप लावण्याचा खर्च दरसाल मागे लागतो.

डोळ्यांची ही सत्ता आणखी एका ठिकाणी तपासली पाहिजे. गुहागर किंवा दापोलीजवळचे मुरूड अशा जुन्या गावांची रचना पाहिली, तर किनाऱ्याला समांतर जाणारा एक लांबट रस्ता, दुतर्फा घरे, आणि पश्चिमेकडील घरांच्या पाठीमागे थेट पुळणीपर्यंत गेलेली नारळीपोफळीची आगरे, असे चित्र दिसते. घराचे पुढले दार रस्त्याकडे, म्हणजे माणसांकडे. समुद्र मागील दाराशी. विहीर, रहाट, न्हाणी, गोठा हे सर्व त्या बाजूस, आणि त्यांच्याही पलीकडे आगराचा दाट पडदा. समुद्राकाठी शतकानुशतके राहणाऱ्या या लोकांनी समुद्राकडे पाठ करून घरे बांधली. हे सौंदर्यदृष्टीचा अभाव म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण खारा वारा, झड आणि पुळणीची उडती वाळू यांच्याशी ज्याला बारा महिने व्यवहार करावयाचा आहे, त्याने समुद्र पाहावयाचा तो पुळणीवर जाऊन. घरात बसून समुद्र पाहणे ही कल्पना पाहुण्याची आहे, आणि आधुनिक बंगला मूलतः पाहुण्याचे घर आहे.

फ्रँक लॉइड राइट याने १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात धबधब्यावर बांधलेले कॉफमन कुटुंबाचे घर जगभर ‘निसर्गाशी एकरूप’ म्हणून वाखाणले जाते. त्या कुटुंबाची अपेक्षा घरातून धबधबा दिसावा अशी होती. राइटने घर धबधब्याच्या समोर न ठेवता त्याच्या माथ्यावर ठेवले. धबधबा ऐकू येतो, आतून समोर मांडलेल्या चित्रासारखा दिसत नाही. पुढे त्या घराच्या अधांतरी सज्जांनी मान टाकली आणि २००२ च्या सुमारास त्यांना मोठ्या खर्चाने आवळून धरावे लागले, हा भाग निराळा. पण दृश्य आणि निवास यांत निवड करताना त्या वास्तुकाराने दृश्याचा त्याग केला, ही गोष्ट त्याच्या अनुयायांनी फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

येथवरच्या विवेचनातून ‘जुने ते शुद्ध’ असा निष्कर्ष कोणी काढील तर ती चूक होईल. कोकणी घराची खूण म्हणून जे कौल दाखविले जाते त्याचाच इतिहास पाहावा. मंगलोरी कौल ही परदेशी वस्तू आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि तेथून हे खाचेत खाच बसणारे चपटे कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्यापूर्वी गरिबाचे घर गवताने किंवा भाताच्या पेंढ्याने शाकारलेले असे आणि सधनाच्या घरावर कुंभाराने घडविलेली नळीची कौले असत. म्हणजे आज ज्याला परंपरा म्हणून गौरविले जाते ते छप्पर दीडशे वर्षांपूर्वीचे उसने आहे. शब्दांच्या बाबतीत भाषाभ्यासकाला ही स्थिती परिचित आहे. टेबल, दप्तर, पगार हे शब्द बाहेरून आले, पण त्यांनी मराठीचे लिंग, वचन, विभक्ती स्वीकारली. पगाराला ‘पगारात’ होता आले. मंगलोरी कौलही तसेच. त्याने छपराचा उतार स्वीकारला, वळचण स्वीकारली, वासे आणि रिपा यांच्याशी जुळवून घेतले, आणि दरसाल पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याच्या कष्टातून पुष्कळशी सुटका केली. घराच्या व्याकरणाला धक्का न लावता शब्दसंग्रह तेवढा बदलला. उसन्याची कसोटी मूळस्थान ही नव्हे.

सिमेंटचा स्लॅब त्या कसोटीला उतरला नाही, आणि हे सांगण्यास समीक्षकाची गरज पडू नये. ते रहिवाशांनीच सांगितले आहे. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कोठेही जावे, सपाट स्लॅब घातलेल्या घरांवर दोनचार वर्षांत लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर दोन्हीकडे उतरता पत्रा चढलेला आढळतो. स्लॅब गळतो, पाणी साचते, उन्हाळ्यात तापतो. म्हणून छपरावर छप्पर. या पत्र्यांच्या शेडना वास्तुकार कुरूप म्हणतात, आणि त्या आहेतही. तथापि भाषेत मोडलेले वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडून नकळत दुरुस्त होऊन निघावे, तसा हा प्रकार आहे. उतार परत आला, वळचणही थोडीफार परत आली, आणि त्या मधल्या पोकळीत वाळत घातलेले कपडे, सोललेले नारळ, आमसुलांची सोले दिसू लागली. पडवी जमिनीवरून गच्चीवर गेली, एवढाच फरक.

मग लोक मुळात स्लॅबकडे वळलेच का? या प्रश्नाचे ‘अनुकरणाच्या हौसेने’ असे उत्तर देणाऱ्याने कौलारू घरात एक पावसाळा काढलेला नसावा. जुन्या घराचा भूमीशी असलेला अन्वय आपोआप टिकत नव्हता. तो दरसाल नव्याने करावा लागे. मे महिन्यात कौले परतावयाची, फुटकी बदलावयाची, पश्चिमेच्या बाजूस नारळीच्या झापांचा आडोसा बांधावयाचा, पावसाळा सरल्यावर खळे चोपून करावयाचे, जमिनी शेणाने सारवावयाच्या. यांतील अर्ध्याहून अधिक काम बायकांचे. धुराने काळवंडलेल्या ज्या माजघराचे आज छायाचित्र काढले जाते, त्याच्या काळोखात कोणाचे डोळे गेले हे छायाचित्रात येत नाही. त्यातून घरातील कर्ते पुरुष मुंबईस गेले आणि गावी म्हातारी माणसे राहिली, तेव्हा कौले परतण्यास माणूस मिळणे दुर्घट झाले. शिवाय कौलांचा खरा वैरी पाऊस नव्हे, वानर होय. वानरांच्या टोळीने एका दुपारी केलेली नासधूस निस्तरण्यास आठवडा लागतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर चढलेल्या चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील आगरे आडवी केली, कौले व पत्रे उडविले. त्या दिवशी ज्यांच्या डोक्यावर स्लॅब होता त्यांचा संसार भिजला नाही. या वादळाचे नाव ‘निसर्ग’ होते. निसर्गाशी सुसंवाद या शब्दप्रयोगावर याहून बोलके भाष्य योजूनही करता आले नसते. तेव्हा जो वास्तुविचार श्रमाचा हिशेब मांडीत नाही आणि वळचणीच्या सौंदर्याचे गोडवे तेवढे गातो, तो अर्धाच विचार म्हटला पाहिजे.

रत्नागिरीतील घरांचा विचार थिबा राजवाड्यावाचून पुरा होत नाही, जरी ते उदाहरण उलट बाजूचे आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि १८८६ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध राहिला. सुमारे चोवीस वर्षे इतर बंगल्यांत काढल्यावर १९१० च्या सुमारास तो सरकारने बांधलेल्या या तीन मजली वाड्यात आला आणि १९१६ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तला. वाडा जांभ्याचा, छपरे उतरती, खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानींत लाकडाचे कोरीव काम. साहित्याच्या दृष्टीने पाहिले तर ही वास्तू परिसराशी पूर्णपणे सुसंगत ठरते. तांबड्या उंचवट्यावरील तांबडा वाडा. परंतु या वाड्याला ना आगर, ना खळे, ना कोणाच्या शेताकडे जाणारी पाणंद. भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र वरून दिसावा, एवढाच त्याचा भूमीशी संबंध. ज्या माणसाला ते पाणी ओलांडण्यास मज्जाव होता त्याला ते दिवसरात्र दिसेल अशी ही योजना. सरकारी बांधकाम खात्याचा यात क्रूर हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. उंच जागा, चांगला वारा आणि समुद्राचे दृश्य हीच त्या काळी साहेबी बंगल्याची लक्षणे होती. निव्वळ दृश्यासाठी बांधलेले घर आणि बंदिवास यांत जे अंतर असते ते येथे फार कमी झाले आहे, इतकेच. १९१९ साली राजाचे कुटुंब ब्रह्मदेशी परतले. आज तेथे संग्रहालय आहे, आणि वाड्याला तेच शोभते.

याच्या विरुद्ध टोकास रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ साली पुरे केलेले ‘पामायरा हाऊस’ ठेवता येईल. चालत्या नारळीच्या वाडीत समोरासमोर, किंचित सरकवून ठेवलेल्या दोन लांबट लाकडी पेट्या, असे त्याचे वर्णन करता येते. चौकट ऐनाच्या लाकडाची. भिंतींच्या जागी ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या. जोती काळ्या दगडाची. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० सालच्या निवडयादीत ते घर होते. त्यात चिरा नाही, मंगलोरी कौल नाही, ओटी नाही, झोपाळाही नाही. म्हणजे कोकणी घराचा शब्दसंग्रह जवळजवळ सगळाच टाकलेला. तरीही अन्वयाच्या दृष्टीने ते वर सांगितलेल्या बहुतेक ‘पारंपरिक’ बंगल्यांहून सरस आहे. विहिरीचे पाणी वाडीत खेळविणारे जुने दगडी पाट जसे होते तसे राखून घर त्यांच्या जाळ्यात बसविले आहे. झाडांच्या ओळींत त्याने स्वतःला अरुंद करून घेतले आहे. वाडीचे काम घरासाठी थांबले नाही. झिलमिलीची भिंत आगरातील सावलीचीच जात सांगते, आणि ती सादृश्यामुळे नव्हे. झावळ्यांप्रमाणेच ती वारा आत घेते आणि ऊन चिरून टाकते, म्हणून. सुतारांच्या हातावर विसंबून केलेले हे काम आहे आणि त्या हातांची जाण घराच्या सांध्यासांध्यांत दिसते.

आक्षेप घ्यावयाचा तो दुसरीकडे. हे मुंबईच्या धकाधकीतून विसाव्यास येणाऱ्यांचे घर आहे. तेथे भात कांडावयाचा नाही, आजाऱ्याला झोपवावयाचे नाही, चार महिने लाकूड सुके ठेवावयाचे नाही. वाक्य निर्दोष आहे, पण ते फार थोड्या गोष्टींविषयी आहे. या घरापासून शिकावयाचे ते त्याची रीत. त्याची झिलमिली उचलून रत्नागिरीच्या बंगल्याला लावणे म्हणजे पुन्हा कोशातून एक पद उचलणे होय. ते घडू लागलेले आहेच.

बंगला हा शब्दही येथे तपासण्याजोगा आहे. बंगाली पद्धतीचे ते बंगला. म्हणजे जन्मापासूनच हे दुसरीकडचे घर. त्याच्या जागी आता फार्महाऊस हा शब्द आला आहे, आणि त्यामागे रुचीइतकाच कायदा आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यान्वये शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही; जमिनीवर राहण्याचे घर बांधावयाचे तर ती ‘बिनशेती’ करून घ्यावी लागते किंवा घर शेतीचे अंग म्हणून दाखवावे लागते. म्हणून शेताशिवायचे शेतघर ही वस्तू निर्माण झाली. नामाने क्रियेचे सोंग घेतले. अशा घराभोवती हापूसची दहावीस कलमे असतात. ती निरर्थक म्हणता येत नाहीत, कारण कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून कलम जगविणे ही या जिल्ह्याचीच विद्या आहे. ज्या निसर्गाशी घराने जुळवून घ्यावे असे म्हणतात तो निसर्गही येथे असा हाताने केलेला आहे. आगर, भाताचे मळे, कलमांची बाग, गडगे, सगळेच. भूमीशी अन्वय याचा अर्थ त्या कामाशी अन्वय असाच होऊ शकतो.

नव्या वसाहती मात्र बहुधा सड्यावर होत आहेत, जेथे ते काम कधीच नव्हते. गाव डोंगराच्या कुशीत, पाण्याच्या आश्रयाने. सडा गुरांना आणि गवताला, असा जुना विभाग होता. सड्यावर घर नसे, कारण तेथे आडोसा नाही आणि उन्हाळ्यात पाणी नाही. तेथे आता उत्तम दृश्य आहे म्हणून भूखंड पडतात आणि पाणी टँकरने चढते. याच सड्यांच्या कातळावर उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू येथील खोदचित्रे आहेत. २०२२ साली ‘युनेस्को’च्या संभाव्य वारसायादीत ती दाखल झाली. ज्यांनी ती कोरली त्यांनाही या उघड्या कातळाचा काही उपयोग ठाऊक होता. तो कोणता, हे अजून उलगडावयाचे आहे.

मीमांसकांची संनिधी ही तिसरी अट चिऱ्याच्या बाबतीत फार सहज पुरी होत असे. घरासाठी लागणारा चिरा त्याच गावच्या कातळातून, पहारीने आणि टिकावाने निघे, आणि एका घराला लागेल तेवढाच निघे. आता खाणी यंत्राने कापल्या जातात आणि चिऱ्याने भरलेले ट्रक घाट चढून जातात, कारण कोल्हापूर-पुण्याकडील घरांनाही परिसराशी सुसंवाद साधावयाचा असतो. मागे राहिलेल्या खाणींचे कडे सरळ, काटकोनात, भिंतीसारखे उभे असतात. पावसाळ्यात त्या पाण्याने भरतात, आणि सड्यावर चरणाऱ्या गुरांसाठी त्यांच्या कडेने काटेरी कुंपण घालावे लागते.